बेटें पाहावयाचीं तीं होडींतून

दरसाल नाताळची सुटी जवळ आली, म्हणजे शाळाशाळांतून सहलींचे बेत सुरू होतात. कोणी लोणावळ्यास जातात, कोणी एखादें धरण अगर कारखाना पाहून येतात, कोणी माथेरानीं एक दिवस घालवितात. या सहलींविरुद्ध आमची तक्रार नाहीं. परंतु ज्या शाळांच्या खिडक्यांतून खारा वारा आंत येतो, त्या शाळांतील मुलांनीं समुद्राकडे पाठ फिरवूनच सहलीस निघावें, ही गोष्ट आम्हांस चमत्कारिक वाटते. मुंबई बंदरापासून अलिबागेपर्यंतच्या पाण्यांत लहानमोठीं बेटें विखुरलेलीं आहेत. किनाऱ्यावर उभें राहिलें कीं त्यांपैकीं कांहीं सहज डोळ्यांस दिसतात; पण आपणांपैकीं कितीजणांनीं त्यांवर पाय ठेविला आहे? आणि ज्यांनीं ठेविला, त्यांपैकीं कितीजणांनीं तीं खरोखर पाहिलीं आहेत?

'पाहिलीं' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहों. बोटींत बसणें, धक्क्यावर उतरणें, छायाचित्रें काढणें, फराळ करणें आणि परतणें, याला जाणें म्हणतां येईल. पाहणें म्हणतां येणार नाहीं. आमचें मत असें आहे कीं, बेट हें प्रथम पाण्यावरून, होडीच्या संथ गतीनें व शक्य तर त्याला वळसा घालून पाहिलें पाहिजे. आणि अशी सफर केवळ मौजेची बाब न मानतां इतिहास, भूगोल व नागरिकत्व या तिन्ही विषयांचा धडा मानला पाहिजे. अलीकडे समुद्रावरील अपघातांमुळें पुष्कळ पालकांच्या मनांत अशा सफरींविषयीं भीति उत्पन्न झाली आहे. त्या भीतीचाही विचार आम्ही पुढें करणार आहों. प्रथम या सफरीनें काय पदरीं पडतें तें पाहूं.

चोहोंकडून पाण्यानें वेढलेला जमिनीचा भाग म्हणजे बेट, ही व्याख्या खालच्या इयत्तेंतील मूलही घडाघडा म्हणून दाखवितें. व्याख्या खरी आहे. परंतु तिच्यामुळें मुलांच्या मनांत पाणी हें कुंपणासारखें उभें राहतें. जणूं बेटावरचीं माणसें आंत कोंडलेलीं आहेत आणि आपण बाहेर मोकळे आहों! कोळ्याच्या मुलास असें कधींच वाटत नाहीं. त्याच्या लेखीं पाणी हा रस्ता आहे. त्या रस्त्यावर खुणा आहेत, वळणें आहेत, खडकांचे धोके आहेत, जाण्यायेण्याच्या वेळा आहेत. पुस्तकांतील व्याख्या आणि कोळ्याची ही समजूत यांमधील अंतर वर्गांत बसून तुटत नाहीं. तें होडींत बसल्यावर तुटतें.

मुंबईचेंच उदाहरण घ्या. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम अशीं हीं मूळचीं सात बेटें. १६६१ च्या विवाहाच्या तहानें तीं इंग्लंडच्या राजाकडे आलीं आणि १६६८ सालीं त्यानें तीं वर्षास दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकलीं. पुढें वरळीजवळचें खिंडार बांध घालून बुजविण्यांत आलें. १८३८ सालीं कुलाब्याचा रस्ता व १८४५ सालीं माहीमचा रस्ता झाला. खाजणें भरलीं गेलीं, आणि बेटांचें शहर बनलें. आज माहीमहून वांद्र्यास आगगाडीनें जाणाऱ्या मनुष्यास आपण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर आलों याची दादही नसते. जीं बेटें अशीं जमिनींत विरून गेलीं तीं आतां नकाशांतच शोधावीं लागतात. म्हणून जीं अद्यापि बेटें म्हणून उरलीं आहेत, त्यांची ओळख करून घेणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें.

गेटवेच्या धक्क्यावरून घारापुरीस जाणारी बोट सुमारें एका तासांत दहा-अकरा किलोमीटर अंतर तोडते. या तासांत पुष्कळ प्रवासी खाण्यांत आणि बोलण्यांत गुंतलेले असतात. हिवाळ्यांत कुरव पक्षी बोटीमागें उडत येतात आणि लोक त्यांच्यापुढें तळलेले पदार्थ फेकतात. हे पक्षी दूरदेशींहून येतात; त्यांचें अन्न समुद्रांत आहे, आपल्या पुड्यांत नाहीं. पक्ष्यांना खाऊ घालण्यापेक्षां त्या तासांत आजूबाजूस दृष्टि टाकावी. धक्का सुटल्यावर मिडल ग्राउंड हें ठेंगणें, तटबंदीचें बेट दिसतें; तें नौदलाच्या ताब्यांत आहे. पुढें बुचर बेट, हल्लींचें जवाहर द्वीप, लागतें. तेथें तेलाच्या जहाजांचा धक्का व मोठाल्या टाक्या आहेत, व सामान्य माणसास उतरण्याची मनाई आहे. पूर्वेस न्हावाशेव्याच्या बंदरावरील उंच याऱ्या दिसतात. हवा स्वच्छ असली तर उत्तरेस शिवडीपासून न्हावाशेव्याकडे गेलेला २१.८ किलोमीटर लांबीचा पूल दिसतो. त्याचें उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजीं झालें. संरक्षण, तेल, व्यापार आणि दळणवळण हीं शहराचीं चार अंगें अशीं एका तासांत एकापाठोपाठ डोळ्यांपुढून जातात. भूगोलाचा याहून चांगला तास कोणत्या वर्गांत होत असेल?

असा पूल झाल्यावर होडीची मातबरी काय, असें कोणी म्हणेल. पुलाची थोरवी आम्हांस मान्य आहे. परंतु पुलावरून जाणारास पाणी दिसतें, त्याची भरती-ओहोटी अनुभवास येत नाहीं. होडींतून जाणारास ती पावलोपावलीं विचारांत घ्यावी लागते. दिवसांतून दोन वेळां भरती व दोन वेळां ओहोटी होते, आणि दर दिवशीं त्यांची वेळ सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें जाते. कोंकणच्या किनाऱ्यावर यासाठीं एक सोपा हिशेब आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो अंक येईल त्या सुमारास भरती पुरी होते. चतुर्थीस ३ वाजतां, अष्टमीस ६ वाजतां. हा हिशेब स्थूल आहे. परंतु घड्याळें व छापील कोष्टकें नव्हतीं तेव्हां किनाऱ्यावरील माणसांनीं चंद्राकडे पाहून तो बसविला होता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें, अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढउतार कमी असते. ज्या मुलानें होडी चिखलांत रुतून बसल्यावर भरतीची वाट पाहिली आहे, त्यास चंद्राच्या आकर्षणाचा पाठ पुन्हां समजावून सांगावा लागत नाहीं.

घारापुरीचीं लेणीं पाहण्यास देशोदेशींचे लोक येतात. मुख्य लेणें इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराचें मानितात. तेथील सुमारें अठरा फूट उंचीच्या त्रिमुखी शिवमूर्तीपुढें उभें राहिलें असतां बडबड्या मुलांची टोळीही क्षणभर गप्प होते. १९८७ सालीं या लेण्यांचा जागतिक वारशांत समावेश झाला. परंतु आमच्या मनांत येणारा प्रश्न निराळाच आहे. एवढें अवाढव्य काम, अखंड काळा पाषाण फोडून, समुद्रांतील बेटावर कां केलें गेलें? पाणी हें कुंपण मानिलें तर या प्रश्नास उत्तर नाहीं. पाणी हा रस्ता मानिला, सोपारा, कल्याण आणि चौल हीं प्राचीन बंदरें नकाशावर पाहिलीं, म्हणजे घारापुरी आडबाजूस नसून वाहत्या हमरस्त्यावर होती असें ध्यानांत येतें. पोर्तुगीजांनीं धक्क्याजवळील दगडी हत्तीवरून बेटास 'एलिफंटा' हें नांव दिलें. तो हत्ती १८६४ सालीं इंग्लंडास नेण्याचा यत्न झाला, तेव्हां यारी मोडून त्याचे तुकडे झाले. १९१४ सालीं ते पुन्हां जुळविण्यांत आले, आणि आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेंत भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. ज्यानें बेटास नांव दिलें तो बेटावर राहिला नाहीं!

लेण्यांच्या पलीकडे मात्र फारच थोडे पाहुणे जातात. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशीं तीन गांवें या बेटावर आहेत. मुंबईचे दिवे ज्या गांवांतून रोज रात्रीं समोर दिसत, त्या गांवांस कायमची वीज २०१८ सालीं मिळाली. समुद्राच्या तळाशीं साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून ती आणावी लागली. तोंवर कांहीं तासांपुरत्या चालणाऱ्या जनित्रावर त्यांचा निर्वाह होता. एवढें जगप्रसिद्ध लेणें शेजारीं आणि घरांत अंधार, ही स्थिति पुष्कळ वर्षें राहिली, याचें कारण आमच्या मतें हेंच कीं पाहुणे दगडांस पाहून जात, माणसांस पाहत नसत. बेटाला वळसा घालून जाणाऱ्या होडींतून तिवरांचीं रानें दिसतात, वाळत घातलेलीं जाळीं दिसतात, पाण्याचे हंडे घेऊन चढणाऱ्या बायका दिसतात. हें दर्शन लेण्यांइतकेंच महत्त्वाचें आहे असें आम्ही समजतों.

आतां बंदराबाहेर दक्षिणेस वळूं. अलिबागेसमोरचा कुलाबा किल्ला हें भरती-ओहोटीचें उत्तम उदाहरण आहे. ओहोटीस माणसें वाळूवरून चालत किल्ल्यांत जातात. भरतीस होडीवांचून गति नाहीं. म्हणजे दिवसांतून दोनदां तो बेट होतो आणि दोनदां जमिनीस मिळतो. त्याचे मोठाले दगड चुन्याशिवाय एकावर एक रचले आहेत, आणि चोहोंकडे खारें पाणी असतां आंत गोड्या पाण्याची विहीर आहे. या किल्ल्याचें बांधकाम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळांत सुरू झालें. पुढें कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें तें मुख्य ठाणें झालें. आंतील गणपतीचें देऊळ राघोजी आंग्रे यांनीं १७५९ सालीं बांधिलें.

थळच्या किनाऱ्यावरून समोर पाहिलें असतां दोन बेटें दिसतात; जवळचें उंदेरी, दूरचें खांदेरी. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना दोन-तीन ओळी मिळतात आणि मुलें सनावळी पाठ करून मोकळीं होतात. परंतु त्या ओळींचा अर्थ होडींत बसल्याशिवाय उलगडत नाहीं. १६७९ सालीं शिवाजी महाराजांनीं खांदेरीवर तट बांधावयास घेतला. मुंबईच्या तोंडाशीं मराठ्यांचें ठाणें होणें इंग्रजांस सहन होण्याजोगें नव्हतें. त्यांनीं जहाजें पाठवून बेटाची नाकेबंदी केली. ऑक्टोबरांतील लढाईंत इंग्रजांचें 'डव्ह' हें गलबत मराठ्यांच्या हातीं पडलें. 'रिव्हेंज' या त्यांच्या मोठ्या जहाजानें मात्र आपली जागा राखिली. तोफांचें बळ इंग्रजांकडे अधिक होतें, तरी नाकेबंदी फसली. कां? मोठीं जहाजें वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला कीं तीं जागच्या जागीं. मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ह्यांवर चालणाऱ्या; त्या रात्रीं उथळ पाण्यांतून वाट काढीत बेटावर माणसें व सामान नेऊन पोंचवीत. दौलतखानाच्या आरमाराचें हें यश आम्ही वर्गांत 'शौर्य' या एका शब्दांत उरकतों. शौर्य होतेंच, पण त्याबरोबर वाऱ्याचें, पाण्याचें आणि खडकांचें ज्ञान होतें, आणि तें ज्ञान किनाऱ्यावरील कोळी-भंडाऱ्यांचें होतें. १६८० च्या जानेवारींत सिद्दीनें शेजारचें उंदेरी धरलें, आणि मग दोन बेटांवरील तोफा एकमेकींवर धडधडूं लागल्या. त्या दोन बेटांमधील पाण्यांतून होडी जाऊं लागली, म्हणजे हें अंतर किती थोडें आहे तें पाहून मुलें चकित होतात.

खांदेरीवर १८६७ सालीं बांधलेलें दीपगृह आहे, वेताळाचें देऊळ आहे, आणि आघात केला असतां धातूसारखा नाद देणारा एक खडक आहे. १९९८ सालीं बेटास कान्होजी आंग्रे यांचें नांव देण्यांत आलें, आणि जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकीं एक म्हणून खांदेरीची गणना जागतिक वारशांत झाली. या सन्मानाचा आनंद आम्हांस आहे. तसाच एक धसकाही आहे. सन्मान आला कीं गर्दी येते, आणि गर्दीमागून कचरा येतो. उंदेरीवर धक्का नाहीं, खडकावर बेतानें उतरावें लागतें. हीच अडचण आजवर त्याच्या कामीं आली आहे.

आतां भीतीचा प्रश्न. ती निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं भर पावसाळ्यांत मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्या आकांताच्या आठवणी कोंकणांतील पुष्कळ घरांनीं पिढ्यान् पिढ्या जतन केल्या. १८ डिसेंबर २०२४ रोजीं, आकाश निरभ्र असतां, घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीस नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून पंधरा जणांचे प्राण गेले. हीं वृत्तें वाचून एखादी माता आपल्या मुलास म्हणेल, "बाळ, तूं होडींत बसूं नकोस," तर तिला दोष देण्यास आमची जीभ धजणार नाहीं.

तथापि विचार करा. घारापुरीच्या मुलांच्या मातांना असें म्हणतां येतें काय? दवाखाना, बाजार, पुढील शिक्षण, या प्रत्येकासाठीं त्यांना पाणी ओलांडावेंच लागतें. ज्या पाण्यावरून त्यांची मुलें नित्य जातात, तें आपल्या मुलांनीं पाहूंही नये असें ठरविलें, तर धोका कमी होत नाहीं. तो केवळ आपल्या नजरेआड होतो. आणि जे नजरेआड होतें, त्याच्या सुधारणेसाठीं कोणी हट्ट धरीत नाहीं. उलट जी शाळा बोट ठरवितांना जीवरक्षक जाकिटें मोजून पाहते, नेमून दिलेल्या संख्येहून एकही उतारू अधिक घेऊं देत नाहीं, ती आपल्या मुलांबरोबर दुसऱ्यांच्याही मुलांचें रक्षण करिते. दर आठवड्यास दहा शाळांनीं असे प्रश्न विचारले, तर धक्क्यावरील शिस्त सुधारल्याशिवाय राहणार नाहीं. म्हणून सफर बंद करणें हा उपाय नव्हे. ती नीट करणें हा उपाय आहे.

नीट करणें म्हणजे काय, तेंही सांगतों. पावसाळ्यांत समुद्रावर जाऊं नये. कोळी लोकही नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्यावांचून होड्या लोटीत नाहींत, या रूढींत शहाणपण आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. जाकीट उशाशीं ठेवण्याची वस्तु नव्हे. होडी सुटण्यापूर्वीं तें अंगावर बांधलेलें असावें, आणि शिक्षकांनीं तें प्रथम स्वतः बांधावें. कांहीं दिसलें म्हणून सर्वांनीं एका बाजूस धांवूं नये. तांडेलाचा शब्द अखेरचा समजावा; तो 'आज नको' म्हणाला तर मुख्याध्यापकांनींही परत फिरावें. जाण्यापूर्वीं भरतीची वेळ मुलांनीं स्वतः काढावी आणि छापील कोष्टकाशीं ताडून पाहावी. घारापुरीचीं लेणीं सोमवारीं बंद असतात, अशा लहानसहान गोष्टीही आधीं विचारून घ्याव्या. आणि ज्या शाळांना साधेल त्यांनीं पोहणें हा विषय कवाइतीइतकाच आवश्यक करावा. समुद्राकांठीं वाढलेल्या मुलास पोहतां येऊं नये, ही शरमेची गोष्ट आहे.

बेटाशीं वागण्याचीही एक रीत आहे. बेटावर गोडें पाणी थोडें असतें. आपलें पाणी आपण न्यावें. नेलेला कागद, पिशवी, बाटली परत आणावी. कारण बेटावर टाकलेली वस्तु 'दुसरीकडे' जात नाहीं, ती तेथेंच राहते अगर समुद्रांत जाते. दगडांवर नांवें कोरूं नयेत. खाणें तेथील बायांकडून विकत घ्यावें, आणि भावासाठीं घासाघीस करण्यापेक्षां त्यांना दोन प्रश्न विचारावे: पाणी कोठून आणतां, आणि पावसाळ्यांत मुलांच्या शाळेचें काय करतां? या प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याही मार्गदर्शिकेंत छापलेलीं नाहींत.

अशा सफरीहून परतल्यावर मुलांस निबंध लिहावयास सांगूं नये, असेंही आम्ही सुचवितों. 'समुद्र फार रम्य होता' हें वाक्य चाळीस वह्यांत वाचून कोणाचेंही कल्याण होत नाहीं. त्याऐवजीं प्रत्येक तुकडीनें पाहिलेल्या बेटाचा नकाशा काढावा. त्यावर धक्का, खडक, विहीर, वस्ती व तिवरांचें रान दाखवावें, आणि किनाऱ्यापासून तेथपर्यंत होडीनें घेतलेली वाट रेघेनें काढावी. दरसाल त्या नकाशांत भर पडत गेली, तर दहा वर्षांत शाळेजवळ आपल्या समुद्राचें एक विश्वसनीय पुस्तक तयार होईल.

आमच्या शाळांचे चालक, शिक्षक आणि पालक यांना आमची इतकीच विनंति आहे कीं, येत्या हिवाळ्यांत सहलींची यादी करतांना तिच्यांत एक तरी बेट घालावें. धरणें आणि कारखाने पुढल्या वर्षींही तेथेंच असतील. वाऱ्याची आणि पाण्याची भाषा जाणणारे जुने तांडेल मात्र वर्षावर्षानें कमी होत आहेत. तीं वृद्ध माणसें सुकाणूवर आहेत, तोंवर आपल्या मुलांना त्यांच्याशेजारीं बसवून घ्यावें.